पाचव्या अनुसूचीबाहेरच्या वाड्या

रायगड जिल्ह्यातल्या आदिवासींचं सरकारदरबारचं ठिकाण म्हणजे पेण. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं जिल्ह्याचं कार्यालय इथे आहे. आश्रमशाळेतला प्रवेश, शिष्यवृत्ती, शबरी घरकुल अशी कामं घेऊन कर्जतच्या डोंगरातून, रोह्याच्या खोऱ्यातून, पार पोलादपूरकडूनही माणसं पेणला येतात. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात ३ लाख ५ हजार आदिवासी नोंदले गेले, म्हणजे शंभरात साडेअकरा. तरीही या जिल्ह्यातलं एकही गाव राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत नाही. विधानसभेच्या सातपैकी एकही मतदारसंघ आदिवासींसाठी राखीव नाही. आदिवासी स्वशासनाचा जो कायदा देशभर ‘पेसा’ म्हणून ओळखला जातो, तो इथे लागूच होत नाही.

अशा जिल्ह्यातल्या आदिवासींनी आपला कारभार आपल्या हाती घ्यायचा कसा? प्रश्न एकट्या पेण-रोह्याचा नाही. विखुरलेल्या वस्तीत, दुसऱ्यांच्या बहुसंख्येत राहणाऱ्या देशभरातल्या लाखो आदिवासींचा तो प्रश्न आहे. त्याला उत्तर आहे, आणि ते वनहक्क कायद्यात आहे. त्या उत्तराची सुरुवात वाडीपासून होते, आणि ते प्रत्यक्षात उतरवायचं तर कातकरी, ठाकर आणि महादेव कोळी या इथल्या तीन जमातींना एकत्र यावंच लागतं.

तीन जमाती, एक डोंगर

कातकरी ही रायगडातली सर्वांत मोठी आदिवासी जमात. महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमातींना केंद्र सरकारने आदिम जमात म्हणून वेगळं नोंदवलं, त्यांतली ही एक. उरलेल्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. खैराच्या लाकडापासून कात काढणं हा कातकऱ्यांचा पिढीजात धंदा होता. १८७८ च्या वन कायद्याने जंगलं राखीव झाली, खैराला कुऱ्हाड लावणं गुन्हा ठरलं आणि धंदा बसला. मग कोळशाच्या भट्ट्या आल्या, मोळ्या आल्या, सावकाराच्या शेतावरची मजुरी आली. इंग्रज सरकारने वर गुन्हेगार जमातीचा शिक्काही मारला. स्वातंत्र्यानंतर तो कागदावरून पुसला गेला, पण चोरी झाली की आधी कातकरवाडीकडे बोट दाखवायची सवय गावांना बराच काळ राहिली.

ठाकरांच्या वाड्या बहुधा डोंगराच्या अंगाखांद्यावर असतात. नाचणी, वरी, तूर, उडीद ही त्यांची पिकं, आणि जंगलाची त्यांची ओळख पक्की. क-ठाकर आणि म-ठाकर असे त्यांच्यात दोन पोटभेद आहेत. महादेव कोळी हे डोंगरातले भातशेतकरी. तिघांत जमीन त्यांच्याच हाती जास्त राहिली आणि मानही त्यांनाच जास्त मिळाला. एकाच डोंगरावर राहूनही या तिघांचं रोटीबेटीचं नातं नव्हतं. कातकऱ्याच्या घरचं पाणी न पिण्याची रीत इतर आदिवासींमध्येही होती. आदिवासी म्हणजे मुळातच एकजीव समाज, असं बाहेरून वाटतं. प्रत्यक्षात ही एकी नव्याने घडवावी लागली, आणि ती घडवण्याचं काम अजून चालू आहे.

तिघांना बांधणारा धागा होता जंगलजमिनीचा. इंग्रजी अमलात कुलाबा जिल्ह्यात डोंगरउतारावर राब जाळून नाचणी-वरी पिकवण्यासाठी आदिवासींच्या गटांना जंगलातले तुकडे दिले जात. या जमिनींना ‘दळी’ म्हणतात. नोंद व्हायची ती गटाच्या नायकाच्या नावाने. बाकीची कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या घाम गाळत राहिली, पण कागदावर ती नव्हतीच. स्वातंत्र्यानंतर दळीचं काय करायचं हे नीट ठरलं नाही. काही जमीन राखीव वनात धरली गेली. १९७५ च्या खासगी वन संपादन कायद्याने आणखी जमीन वनखात्याकडे गेली. कसणारा एका रात्रीत अतिक्रमणदार झाला. पीक उभं असताना गुरं घातली जाणं, अवजारं उचलून नेणं, दंडाची पावती फाडणं हे डोंगरातल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसलं.

सह्याद्रीच्या पायथ्याशी औद्योगिक रायगड उभं राहत गेलं तसा हा पेच आणखी घट्ट झाला. रोह्याजवळ धाटावची औद्योगिक वसाहत आली, पेणवरून मुंबई-गोवा महामार्ग रुंद होत गेला, डोंगरउतारांना फार्महाऊसचे भाव आले. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीने परवानगीशिवाय घेऊ नये, यासाठी जमीन महसूल संहितेत कलम ३६ आणि ३६अ आहेत. पण ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्याच्या हाती ते संरक्षण कसं येणार?

नकाशातून का वगळले?

पाचवी अनुसूची हा घटनेतला खास भाग. ज्या प्रदेशात आदिवासी मोठ्या संख्येने आणि सलग राहतात, तो राष्ट्रपती ‘अनुसूचित क्षेत्र’ म्हणून जाहीर करतात. तिथे राज्यपालांना विशेष अधिकार मिळतात आणि सर्वसाधारण कायदे तिथल्या परिस्थितीप्रमाणे बदलता येतात. १९६०-६१ मध्ये ढेबर आयोगाने यासाठी कसोट्या सांगितल्या. आदिवासींचं प्राबल्य असावं, प्रदेश सलग आणि पुरेसा मोठा असावा, प्रशासनाला तो एकक म्हणून हाताळता यावा आणि आजूबाजूच्या भागापेक्षा तो मागास असावा, अशा त्या चार कसोट्या. महाराष्ट्रातली अनुसूचित क्षेत्रं सध्या १९८५ च्या आदेशाप्रमाणे आहेत. त्यात पालघर, ठाणे, नाशिक, नंदुरबार, गडचिरोली असे जिल्हे पूर्ण किंवा अंशतः आहेत. रायगड नाही.

कारण उघड आहे. इथला आदिवासी सलग पट्ट्यात राहत नाही. आगरी, कुणबी, मराठा वस्तीच्या मोठ्या गावांच्या कडेला, धरणाच्या वर, डोंगराच्या खांद्यावर वीस-चाळीस घरांच्या वाड्या, अशी त्याची वस्ती आहे. कसोटी सलग प्रदेश शोधते आणि वाडी गाळली जाते. शेजारच्या ठाणे जिल्ह्यातला शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. म्हणजे शहापूरच्या कातकरवाडीतली मुलगी लग्न होऊन पेणच्या वाडीत नांदायला आली, की तिची जमात तीच राहते, तिची भाषा, देवदेवस्की, गरिबी तीच राहते. बदलतात ते तिच्या ग्रामसभेचे अधिकार.

हा फरक १९९६ पासून फार मोठा झाला. त्या वर्षी २४ डिसेंबरला पेसा अस्तित्वात आला. अनुसूचित क्षेत्रात पाडाही स्वतःची ग्रामसभा भरवू शकतो, गौण वनोपजावर मालकी सांगू शकतो, जमीन संपादनाआधी त्याचा सल्ला घ्यावा लागतो. महाराष्ट्राने २०१४ मध्ये त्याचे नियम केले. रायगडच्या वाड्यांना यातलं काहीच मिळालं नाही. त्यांच्यापर्यंत योजना पोचल्या, पण ठरवण्याचा अधिकार पोचला नाही.

ग्रुप ग्रामपंचायतीचं गणित

पेसा नसेल तर ग्रामपंचायत आहेच की, असं कुणी म्हणेल. पण कोकणात बरीच गावं मिळून एक ग्रुप ग्रामपंचायत असते. मोठं गाव मध्यभागी, आदिवासी वाड्या कडेला. राज्याच्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे ग्रामसभेला गणपूर्ती लागते ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी. समजा, एका ग्रुप ग्रामपंचायतीत तीन हजार मतदार आहेत आणि एका वाडीत ऐंशी. शंभर माणसं मोठ्या गावातल्या मंदिराजवळ जमली की सभा कायदेशीर झाली. वाडीतलं एकही माणूस हजर नसलं तरी वाडीच्या रस्त्याचा, पाण्याचा, जंगलाचा ठराव तिथे होऊ शकतो. वाडीतले सगळेच्या सगळे डोंगर उतरून आले तरी मतात ते कमीच पडणार.

राखीव जागांमुळे वाडीतली माणसं सदस्य होतात, फिरत्या आरक्षणात कधी सरपंचही होतात. त्याचं महत्त्व आहेच. पण एका सदस्याच्या खुर्चीने वाडीला आपल्या जंगलाविषयी बोलण्याचा अधिकार मिळत नाही.

आणखी एक अडचण वर्षाच्या फेऱ्याची. ग्रामसभा वर्षातून किमान चार व्हाव्यात असं कायदा सांगतो, आणि रिवाजाने त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी भरतात. कातकरी कुटुंब दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर निघून जातं. आठवड्याला खर्ची मिळते, हंगामाच्या शेवटी हिशेब होतो, आणि आगोटीच्या तोंडावर माणसं परततात. जानेवारी आणि मे या दोन्ही सभांना वाडीत असतात म्हातारी माणसं आणि कुलुपं. चारपैकी दोन सभा तिथेच गेल्या. स्वशासनाच्या गोष्टी करताना या उचलीच्या कर्जाकडे डोळेझाक करता येत नाही. जो माणूस सहा-सात महिने दुसऱ्याच्या भट्टीशी बांधलेला आहे, त्याच्या हातात गावाचा कारभार कसा येईल?

वाडी नजरेआड राहिली की काय होतं, ते रायगडने १९ जुलै २०२३ च्या रात्री पाहिलं. खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ही ठाकरांची वाडी. तिथे जायला पायवाटेशिवाय रस्ता नव्हता, आणि दरडप्रवण गावांच्या यादीत तिचं नाव नव्हतं. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं मातीखालून बाहेर काढता आली नाहीत. यादी कोण करतं, कुठे बसून करतं आणि कुणाला विचारून करतं, हा प्रश्न किती जिव्हाळ्याचा आहे हे त्या रात्रीने सांगितलं.

नकाशा न पाहणारा कायदा

२००६ च्या डिसेंबरमध्ये संसदेने वनहक्क कायदा मंजूर केला. तो ३१ डिसेंबर २००७ पासून अमलात आला आणि १ जानेवारी २००८ ला त्याचे नियम आले. या कायद्याचं रायगडच्या दृष्टीने सर्वांत मोठं वैशिष्ट्य असं, की तो पाचव्या अनुसूचीला बांधलेला नाही. जिथे जंगल आहे आणि त्यावर जगणारा आदिवासी आहे, तिथे तो लागू होतो.

कायद्यात दोन प्रकारचे हक्क आहेत. पहिला वैयक्तिक. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जी वनजमीन आदिवासी कुटुंब कसत आहे, ती प्रत्यक्ष ताब्याएवढी, जास्तीत जास्त चार हेक्टर, त्याच्या नावे होते. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने निघतो, वारसाला जातो, पण विकता येत नाही. पूर्वी सरकारने दिलेल्या पट्ट्यांचं किंवा भाडेपट्ट्यांचं हक्कात रूपांतर करण्याचीही त्यात तरतूद आहे. नायकाच्या नावामागे दडून गेलेल्या दळीच्या कुटुंबांना हा मोठा आधार.

दुसरा हक्क सामूहिक. गौण वनोपज, चराई, ओढ्या-नाल्यांतले मासे यांवर हक्क, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आपल्या परंपरागत जंगलाचं रक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क. पावसाळ्याच्या सुरुवातीला पेणच्या बाजारात शेवळं, टाकळा, भारंगी, कंटोली घेऊन बसणाऱ्या कातकरी बायांची रोजीरोटी या दुसऱ्या हक्कावर उभी आहे. जंगलात जायला आडकाठी झाली की त्या दिवशीची चूल पेटत नाही.

या साऱ्याच्या केंद्रस्थानी ग्रामसभा आहे. केंद्रीय आदिवासी व्यवहार मंत्रालयाने जुलै २०१२ मध्ये राज्यांना स्पष्ट केलं, की ही सभा ग्रामपंचायतीच्या पातळीवर उरकू नये. पाडा-वाडी किंवा महसुली गाव या पातळीवर ती भरावी. तिची गणपूर्ती आहे निम्मे सदस्य, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. मघाच्या ऐंशी मतदारांच्या वाडीचं उदाहरण घ्या. इथे चाळीस माणसं आपल्याच अंगणात जमली की सभा पुरी झाली. ग्रुप ग्रामपंचायतीत जी वाडी नेहमी अल्पसंख्य होती, ती आता स्वतःच बहुमत आहे.

ही सभा चालते कशी, ते जवळून पाहण्यासारखं आहे. आधी वनहक्क समिती निवडायची. दहा ते पंधरा सदस्य, त्यांत किमान दोन तृतीयांश आदिवासी आणि एक तृतीयांश स्त्रिया. दावे आले की समिती प्रत्येक प्लॉटवर जाते. सोबत वनखात्याचा आणि महसूलचा माणूस असतो, जीपीएसने कडेकडेने फिरून मोजणी होते. कागद नसले तरी अडत नाही. दगडी ताल, जुन्या घराचं जोतं, हाताने लावलेली आंब्याची झाडं, वाडीतल्या वडीलधाऱ्या माणसाचा जबाब हे सगळे पुरावे धरले जातात. बऱ्याच घरांत पत्र्याच्या पेटीत तळाशी एक पिवळी पडलेली पावती निघते. वनरक्षकाने कधीकाळी फाडलेली ती दंडाची पावती असते. त्यावर नाव, ठिकाण आणि तारीख आहे. ज्या कागदाने बापाला गुन्हेगार ठरवलं, तोच कागद मुलाची वहिवाट सिद्ध करतो.

समितीचा अहवाल सभेपुढे येतो, सभा ठराव करते आणि दावा प्रांताधिकाऱ्यांच्या उपविभागीय समितीकडे जातो. पेण आणि रोहा ही दोन्ही उपविभागांची ठिकाणं. शेवटचा निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा समिती करते. वरच्या पायऱ्यांवर दावे रखडतात, क्षेत्र कापलं जातं, कारण न सांगता फेटाळणी होते. म्हणून ठरावाची प्रत, पोच आणि अपिलाची मुदत सांभाळणं हे वाडीचं पहिलं राजकारण ठरतं.

या कायद्याचं कलम ३(२)ही लक्षात ठेवावं. शाळा, अंगणवाडी, पाण्याची योजना, रस्ता अशा सोयींसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने देता येते. पेण तालुक्यात बोरगावच्या वरच्या डोंगरात खवसावाडी, केळीचीवाडी, तांबडी, उंबरमाळ अशा वाड्या आहेत. रस्त्यासाठी त्यांचं मागणं वर्षानुवर्षांचं. आजारी माणसाला झोळीत घालून उतरवणं काय असतं, हे तिथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. ‘वनखात्याची जमीन आहे’ हे उत्तर अशा प्रत्येक वाडीने ऐकलेलं असतं. त्या उत्तराला प्रत्युत्तर कायद्यात आहे, आणि ते द्यायचा अधिकार वाडीच्या सभेला आहे.

एकी कुठून येते?

एका वाडीचं जंगल दुसऱ्या वाडीच्या जंगलाला लागून असतं. ठाकरवाडीची गुरं जिथे चरतात, तिथेच कातकरवाडीतल्या बाया भाजी खुडतात आणि खालच्या महादेव कोळ्यांच्या शेताला तिथलंच पाणी येतं. सामूहिक दाव्याचा नकाशा काढायचा म्हटलं की हद्द कुठे टेकते, यावर तिघांना एका ठिकाणी बसावं लागतं. भांडण झालं तर दावा अडतो, समजूत झाली तर तिघांचाही दावा पुढे सरकतो. जुना दुरावा अशा कामानेच निवळतो. भाषणांनी तो कधी निवळला नव्हता.

या घडणीत संघटनांचं काम मोलाचं आहे. दक्षिण रायगडात उल्का महाजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या सर्वहारा जन आंदोलनाने दळी आणि वनजमिनीचा प्रश्न लावून धरला. पेणमध्ये वैशाली पाटील यांच्या अंकुर संस्थेने, तसंच सुरेखा दळवी यांच्या श्रमिक क्रांती संघटनेने आदिवासींना, विशेषतः बायांना, कचेरीच्या दारात उभं राहून बोलायला बळ दिलं. मोर्चात चालताना कातकरी आणि ठाकर एकाच फडक्यातली भाकरी खातात. ज्यांच्या आजोबांनी एकमेकांचं पाणी वर्ज्य मानलं, त्यांच्या नातवंडांनी गाठलेला हा मोठा पल्ला आहे.

या एकीला इतिहासाचाही आधार आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातल्या चिरनेरला जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला. तेव्हा हा सगळा कुलाबा जिल्हा होता. तिथल्या हुतात्म्यांची नावं वाचली की पाटील, म्हात्रे, कोळी या आडनावांच्या शेजारी एक नाव येतं, नाग्या महादू कातकरी. जंगल आपलं आहे हे सांगायला त्या दिवशी आगरी, कोळी आणि कातकरी एकाच रांगेत उभे होते. त्याच्याही बऱ्याच आधी महादेव कोळ्यांतला राघोजी भांगरे सह्याद्रीत सावकारशाहीविरुद्ध उभा राहिला. १८४८ मध्ये त्याला ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. दरवर्षी ९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिनाच्या मिरवणुकीत बिरसा मुंडांच्या तसबिरीसोबत नाग्या आणि राघोजी यांचीही आठवण निघते. रायगडच्या पोराला आपला वारसा झारखंडपर्यंत जोडलेला दिसतो, आणि त्याची सुरुवात आपल्याच डोंगरात सापडते.

९ ऑगस्टची तारीख आली ती १९८२ साली संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासीविषयक कार्यगटाची पहिली बैठक त्या दिवशी भरली म्हणून. त्याच प्रयत्नांतून १३ सप्टेंबर २००७ रोजी आदिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला. १४४ देशांनी बाजूने मत दिलं, भारत त्यांत होता. स्वतःच्या अंतर्गत बाबींत स्वशासनाचा हक्क या जाहीरनाम्यात नोंदवलेला आहे.

गागोदे ते मेंढा

ग्रामस्वराज्याच्या विचाराचं पेणशी फार जुनं नातं आहे. विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा, पेण तालुक्यातल्या गागोद्याचा. भूदानातून ते ग्रामदानाकडे आले. जमिनीची मालकी गावाची आणि निर्णय सर्वांच्या संमतीने, हा ग्रामदानाचा गाभा. महाराष्ट्राने १९६४ मध्ये ग्रामदानाचा कायदाही केला. तो पुढे बहुतांशी फायलींत राहिला.

त्याला जाग आणली गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने या गावाने अभ्यासगट चालवले आणि प्रत्येक निर्णय सर्वसहमतीने घ्यायची शिस्त बाणवली. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्या गावची. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये आपल्या जंगलातला बांबू स्वतः विकण्याचा वाहतूक परवाना मिळाला. मग गावाने ग्रामदान कायद्याचा मार्गही धरला. पेणच्या डोंगरात जन्मलेल्या माणसाचा विचार गोंडांच्या गावात रुजला. आता तो त्याच्या जन्मभूमीतल्या कातकरवाडीपर्यंत परत यायला हवा.

मेंढा सलग गोंड मुलखात आहे, रायगड तसा नाही, ही शंका रास्त आहे. पण छोट्या, विखुरलेल्या वस्तीचं बळ ओडिशातल्या नियमगिरीने दाखवलंय. डोंगरिया कोंध ही कातकऱ्यांसारखीच आदिम जमात. त्यांच्या डोंगरात बॉक्साइटची खाण होणार होती. सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी निर्णय ग्रामसभांवर सोपवला आणि त्या पावसाळ्यात बारा ग्रामसभांनी एकामागून एक नकार दिला. सभा छोट्या होत्या, पण बाराही वेळा उत्तर एकच होतं. खाण थांबली.

युरोपच्या उत्तर टोकाचे सामी लोक तर चार देशांत विखुरलेले आहेत. नॉर्वेत आल्टा नदीवरच्या धरणाविरुद्ध १९७९ ते १९८१ मध्ये त्यांनी लढा दिला. धरण थांबलं नाही, पण त्या लढ्यातून १९८९ मध्ये नॉर्वेत सामींची स्वतःची निवडून आलेली संसद उभी राहिली. ती निवडण्यासाठी सामी एकाच प्रदेशात राहायला हवा असं नाही. मतदारयादीत त्याने सामी म्हणून नाव नोंदवलेलं असलं की पुरे. सलग प्रदेश नसला तरी स्वशासन उभं राहू शकतं, याचा हा सज्जड पुरावा.

पेणनेही सामूहिक निर्णयाची ताकद पाहिली आहे. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी (सेझ) शेती जाणार होती तेव्हा २१ सप्टेंबर २००८ रोजी तालुक्यातल्या २२ गावांत सार्वमत घेतलं गेलं. शेवटी सेझ आला नाही. त्या दिवशी मत मात्र खातेदार शेतकऱ्यांचं होतं. त्याच शेतांत मजुरी करणाऱ्या भूमिहीन कातकऱ्याला विचारायची सोय त्यात नव्हती. वाडीच्या ग्रामसभेत जमिनीचा दाखला मागितला जात नाही. तिथे राहणारा प्रत्येक प्रौढ माणूस सदस्य असतो.

वाडीने काय करावं, आपण काय करावं

पहिली गोष्ट, सभांचं वेळापत्रक वाडीच्या वर्षाप्रमाणे व्हावं. माणसं घरी असतात आगोटीपासून दिवाळीपर्यंत. समितीची निवड, मोजणी, ठराव हे सगळं या पाच महिन्यांत बसवावं. प्रशासनाने आपले दौरेही त्याच काळात आखावेत.

दुसरी, गावठाण. पुष्कळ कातकरवाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या किंवा वनखात्याच्या जमिनीवर वसलेल्या आहेत. पायाखालची जमीन आपली नसेल तर सभेत मालकाविरुद्ध हात वर करायला धीर होत नाही. घरकुलाचा हप्ता मंजूर होऊनही जागेअभावी घर अडतं. २०२३ च्या १५ नोव्हेंबरला सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत आदिम जमातींच्या घरांना पैसा आहे. तो जिरायचा तर आधी गावठाणाचा प्रश्न सुटला पाहिजे.

तिसरी, वाड्यांचे महासंघ. एक वाडी प्रांत कार्यालयात गेली तर तिला बसवून ठेवता येतं. एका डोंगराच्या दहा वाड्या आपापल्या ठरावाच्या प्रती घेऊन एकाच दिवशी गेल्या तर तसं करता येत नाही. गडचिरोलीत ग्रामसभांनी असे महासंघ बांधले आणि वनोपजाचा व्यापार स्वतः केला. पेण, सुधागड, रोहा या लगतच्या तालुक्यांत डोंगराच्या रांगेप्रमाणे असे गट बांधता येतील. त्यांत कातकरी, ठाकर, महादेव कोळी यांच्या प्रतिनिधींना सारखं स्थान हवं. संख्येने मोठी आणि मानाने मोठी अशी उतरंड तिथे पुन्हा उभी राहता कामा नये.

चौथी गोष्ट आपल्यासारख्या बिगर-आदिवासी शेजाऱ्यांची. वाडीची सभा भरली म्हणजे मोठ्या गावाचं काही कमी होत नाही. वरचं जंगल राखलं गेलं तर खालच्या विहिरींना पाणी राहतं, दरडी रोखल्या जातात. ज्याने जंगल वाचवायचं त्याला ते वाचवण्याचा अधिकारही हवा, यात कुणावर मेहरबानी नाही.

संविधान सभेत १९४६ च्या डिसेंबरमध्ये आदिवासी नेते जयपालसिंग मुंडा यांनी सांगितलं होतं, की लोकशाही आदिवासींना शिकवायची नसते, त्यांच्याकडून शिकायची असते. रायगडच्या बाबतीत त्याचा अर्थ सरळ आहे. पाचवी अनुसूची या जिल्ह्यात येवो न येवो, तिची मागणी जरूर करावी. पण तिची वाट पाहत बसायचं कारण नाही. चाळीस माणसं, त्यांत पुरेशा बाया, एक वही, एक शिक्का आणि शेजारच्या वाडीशी झालेली हद्दीची समजूत एवढ्या भांडवलावर कायदा वाडीला तिच्या जंगलाचा कारभार देतो. ज्या वाड्यांनी हे भांडवल जमवलं त्यांनी तो घ्यावा. ज्यांनी अजून जमवलं नाही, त्यांच्यापर्यंत ही माहिती पोचवणं हे पेण-रोह्यातल्या प्रत्येक शिक्षकाचं, ग्रामसेवकाचं आणि लिहित्या-वाचत्या माणसाचं काम आहे.